चार नॅट, तीन सेबर : जुलैच्या पावसातलं एक प्रकरण

ठाण्यात पाचपाखाडीतल्या आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये महिन्यातल्या एका रविवारी आम्ही टेबलावर लढाई मांडतो. दोन टेबलं जोडायची, षटकोनी घरं आखलेली निळी चादर अंथरायची, आणि इतिहासातली एखादी खरी चकमक पुन्हा खेळून बघायची. त्या दिवशी त्या माणसांना काय दिसत होतं आणि त्यांच्या जागी आपल्याला काय सुचलं असतं, हे शोधण्यात आम्हाला खरा रस. खेळणारे सात-आठ जण. सगळ्यात लहान माझा भाचा, सातवीतला. सगळ्यात मोठे आमच्याच मजल्यावरचे काका, ज्यांची सगळी नोकरी छापखान्यात गेली.

जुलैसाठी १९७१ ची बोयऱ्याची हवाई चकमक (आपली नॅट विरुद्ध पाकिस्तानी सेबर, दोन्ही लढाऊ जेट विमानं) ठरली आणि विमानं करायचं काम मी अंगावर घेतलं. धातूची तयार मॉडेलं परदेशातून मागवायची तर कस्टम धरून परवडत नाहीत आणि वेळेवर येतीलच असंही नाही. म्हणून कागदाची करायची. हातात आठ दिवस, विमानं सात. पहिली खेप पूर्ण झाली, टेबलावर मांडली, आणि तिच्यावर खेळणं अशक्य आहे हे पाच मिनिटांत कळलं. ते का झालं आणि दुसरी खेप कशी उभी राहिली, ते इथे सविस्तर लिहिते आहे. कागदी विमानं करून पाहणाऱ्या प्रत्येकाला यातली एखादी अडचण भेटतेच.

आधी चकमक, कारण मापं तिथून येतात

२२ नोव्हेंबर १९७१. युद्ध अजून जाहीर व्हायचं होतं. पूर्व पाकिस्तानातल्या (आजच्या बांगलादेशातल्या) गरीबपूरच्या परिसरात आपलं सैन्य आणि बांगलादेशच्या स्वातंत्र्यासाठी लढणारी मुक्ती वाहिनी होती, आणि त्यांच्यावर पाकिस्तानी सेबर विमानं हल्ले करत होती. सकाळी आपली नॅट उडाली, पण सेबर हाताला लागली नाहीत. दुपारी लागली. कोलकात्याजवळच्या दमदमहून २२ स्क्वाड्रनची चार नॅट निघाली. वैमानिक होते रॉय मॅसी, एम. ए. गणपती, डोनाल्ड लाझारस आणि एस. एफ. सोआरेस. काही मिनिटांच्या झटापटीत दोन सेबर पडली, तिसरं जखमी होऊन परत गेलं. पॅराशूटने उतरलेले दोन वैमानिक पकडले गेले. त्यांतले परवेझ मेहदी कुरेशी पुढे १९९७ साली पाकिस्तानी हवाई दलाचे प्रमुख झाले.

या चकमकीचा आत्मा म्हणजे नॅटचा लहानपणा. लांबी ८.७४ मीटर, पंखांचा पसारा अवघा ६.७३ मीटर. सेबर ११.४ मीटर लांब आणि जवळजवळ तितकंच रुंद. म्हणजे नॅटचे पंख सेबरच्या पंखांच्या साठ टक्के. इतकं लहान विमान आकाशात वेळेवर दिसतच नाही, आणि दिसेपर्यंत ते वळून मागे आलेलं असतं. टेबलाभोवती बसलेल्याला हा फरक डोळ्यांनी जाणवला पाहिजे, नाहीतर नुसते फासे टाकण्यात अर्थ नाही. मी पहिल्या खेपेत नेमका हाच फरक घालवून बसले.

पहिली खेप

प्रमाण घेतलं १/१४४. प्लास्टिकच्या किटमध्ये ते सर्रास असतं आणि नकाशे मिळायला सोपं जातं. त्या हिशेबाने सेबर ७.९ सेंटिमीटर लांब, नॅट ६.१ सेंटिमीटर. रचना सोपी ठेवली: बाजूने दिसणारा आकार उभा कापायचा, वरून दिसणारे पंख आडवे कापायचे, आणि उभ्या तुकड्यातल्या चिरेतून पंख आरपार घालायचे. नळीसारखं गोल अंग वळवायचा मोह झाला होता. पण पेन्सिलीहून थोड्याच जाड नळीत निमुळतं नाक आणि निमुळती शेपटी वळवायला एका विमानाची एक संध्याकाळ जाते, आणि टेबलावर त्याचा उपयोग शून्य. तो विचार सोडला हे बरं केलं.

सेबरचं पान ए-फोर मापाचं केलं. नॅट लहान, चारही अर्ध्या पानात बसत होती, म्हणून कागद वाचवायला ते पान ए-फाइव्हचं केलं. दोन्ही फाइली पेनड्राइव्हवर घेऊन संध्याकाळी स्टेशनजवळच्या एका झेरॉक्सच्या दुकानात गेले. दुकानात गर्दी, बाहेर पाऊस. दोन्ही पानं जाड कार्डवर छापून मिळाली, पिशवीत घालून घरी आणली. मोजली नाहीत.

घरी येऊन कापायला बसले. आठ सेंटिमीटरचे पंख एकेरी कार्डचे लवतील असं वाटलं, म्हणून छापलेल्या कार्डमागे आणखी एक थर फेविकॉलने चिकटवला. नीट पसरावा म्हणून त्यात थोडं पाणी घातलं. पंख बसवले, खराट्याच्या काड्यांवर विमानं खोचली, काड्या गोल पुठ्ठ्यांवर उभ्या केल्या. रात्री साडेअकराला सातही तयार होती आणि सुंदर दिसत होती.

सकाळी पाहिलं तर सेबरच्या पंखांची टोकं खाली वळली होती, सुकत आलेल्या पानासारखी.

तरी ती हॉलमध्ये नेली, टेबलावर मांडली, आणि भाच्याला दीड मीटरवर उभं करून एक साधी परीक्षा घेतली. डोळे मिट, उघड, दोन सेकंदांत सांग: कोणतं विमान, कोणाचं, तोंड कुठे. सातपैकी तीन बरोबर. तो वैतागून म्हणाला, "मावशी, मोठी ती सेबर ना? मग ही मोठी नॅट का?" मी पट्टी लावली. नॅट सव्वाआठ सेंटिमीटर. सेबर पावणेआठलाही थोडं कमी. जगातलं एक सर्वांत चिमुकलं लढाऊ विमान माझ्या टेबलावर सेबरहून लांब झालं होतं.

तेवढ्यात कोणीतरी पंखा लावला. सातही विमानं काडीवर गर्रकन फिरली आणि वाऱ्याकडे नाक करून थांबली.

काकांबरोबरची संध्याकाळ

काकांनी विमानांना हातही लावला नाही. आधी उरलेलं कोरं कार्ड मागितलं. त्यातून बोटभर रुंदीच्या दोन सारख्या पट्ट्या कापल्या, एक उभी, एक आडवी. दोन्ही एकावर एक ठेवून टेबलाच्या कडेबाहेर धरल्या. खालची पट्टी मान टाकून लोंबली, वरची सरळ राहिली. "ही ताठ राहिली ना, हिच्या लांबीत ग्रेन आहे," ते म्हणाले. "तुझे पंख दुसऱ्या बाजूने कापलेत."

कागद तयार होताना त्याचे तंतू मशीनच्या चालीच्या दिशेने पडतात. छापखान्यात त्यालाच ग्रेन म्हणतात. ग्रेनच्या दिशेत कागद ताठ असतो आणि त्याच दिशेत घडीही स्वच्छ पडते. पाणी लागलं की तंतू लांबीत फारसे वाढत नाहीत, जाडीत फुगतात. म्हणून कागद ग्रेनला आडवा पसरतो. मी पाणी घातलेला फेविकॉल मधल्या पृष्ठाला लावला, वरच्या थरावर छपाई होती, खालचा कोरा होता, आणि दोघांचा ग्रेन एकमेकांशी जुळवलेला नव्हता. दोन थर वेगवेगळे फुगले, वेगवेगळे सुकले, आणि एकमेकांना ओढत राहिले. त्यात जुलैतलं ठाणं. इथे या दिवसांत मीठ पाझरतं, पापड मऊ पडतात, माचीस पेटत नाही. कागद हवेतलं पाणी पीतच असतो.

या वळलेल्या पंखांनी आणखी एक घोटाळा केला होता, तो मला नकाशे पुन्हा उघडल्यावर कळला. समोरून पाहिलं तर सेबरचे पंख मुळापासून टोकाकडे किंचित वर उचललेले असतात. नॅटचे उलट, खांद्यापासून किंचित खाली झुकलेले. माझी सेबर कागद वळल्यामुळे खाली झुकली होती. म्हणजे नॅट सेबरएवढं झालेलं आणि सेबरचे पंख नॅटसारखे. भाचा चुकला नव्हता, मी त्याला अदलाबदल करूनच दाखवली होती.

मापाचं गणित मग लगेच उलगडलं. दुकानातल्या कॉम्प्युटरवर 'फिट' हा पर्याय लावलेला असणार. ए-फोरचं पान छपाईच्या समासात बसवायला त्याने थोडं आक्रसलं आणि ए-फाइव्हचं पान ए-फोरभर ताणलं. ए-फाइव्हचं ए-फोर करताना प्रत्येक बाजू १.४१ पट होते, समास वजा जाता १.३७ पट. ६.१ सेंटिमीटरचं नॅट सव्वाआठवर गेलं ते असं. दुकानदाराला दोष देण्यात अर्थ नाही. दिवसभर त्याच्याकडे आधारकार्ड आणि मार्कशीट येतात, त्याच्या दृष्टीने पानभर छापणं म्हणजेच चांगलं छापणं. प्रत्येक पानावर ५ सेंटिमीटरची रेघ आखून ती काउंटरवरच पट्टीने मोजायची, हे माझं काम होतं.

दीड मीटरवरून काय दिसतं

दुसऱ्या खेपेआधी आम्ही दोघं एका प्रश्नावर बराच वेळ बोललो: टेबलावरच्या विमानाने नेमकं काय सांगायचं असतं? माझं मत आता पक्कं आहे. ते कोणाचं, कोणतं, कुठे तोंड करून आणि किती उंचीवर, एवढं त्याने एका नजरेत सांगितलं की झालं. कॉकपिटच्या काचेची चौकट किंवा पंखावरच्या पत्र्याच्या जोडरेषा यांत घातलेला तास हा ओळखीतून काढून घेतलेला तास असतो.

यात नवीन काही नाही. १९४२ साली अमेरिकन नौदलाने शाळकरी मुलांकडून १/७२ प्रमाणाची ५ लाख लाकडी विमानं मागवली होती, ती सैनिकांना शत्रूचं विमान लांबून ओळखायला शिकवण्यासाठी. त्यांत बारकावे नव्हते, बाह्याकार मात्र अचूक लागायचा. हाच हिशेब आपल्या टेबलाला लावता येतो. १/२०० प्रमाणाचं मॉडेल दीड मीटरवरून बघणं म्हणजे खरं विमान ३०० मीटरवरून बघणं. तेवढ्या अंतरावर आकार, पंखांचा कल आणि शेपटी दिसते. नटबोल्ट दिसत नाहीत.

१/२०० हे प्रमाण आम्ही घेतलं ते आणखी एका कारणाने. चादरीवरची षटकोनी घरं ५ सेंटिमीटरची. १/१४४ ची सेबर जवळजवळ ८ सेंटिमीटर पसरायची, त्यामुळे शेजारशेजारच्या घरांतली विमानं एकमेकांत अडकत होती. १/२०० मध्ये सेबर ५.७ बाय ५.६५ सेंटिमीटर, नॅट ४.४ बाय ३.४. घराबाहेर टोक जेमतेम जातं. आणि तेवढ्या लहान पंखाला दुसरा थर लागतच नाही. २५० जीएसएमचं (चौरस मीटरला २५० ग्रॅम वजनाचं) एकेरी कार्ड, ग्रेन पंखाच्या टोकापासून टोकापर्यंत, बस्स. फेविकॉल, पाणी, वळणं हा सगळा प्रश्नच गेला.

दुसरी खेप, हातातल्या गोष्टी

उभ्या अंगाचं चित्र दोन्ही बाजूंनी लागतं. पहिल्या वेळी मी दोन तुकडे पाठीला पाठ लावून चिकटवले होते आणि प्रत्येक विमानाची एक बाजू केसभर सरकली होती. आता पोटाखाली एक सेंटिमीटरची जीभ काढली आणि उजवी-डावी दोन्ही चित्रं त्या जिभेच्या टोकाशी जोडलेली ठेवली. घडी फक्त तिथे. घडीच्या रेषेवरून संपलेलं बॉलपेन पट्टी धरून एकदा ओढायचं (काका याला क्रीजिंग म्हणतात आणि त्यांच्याकडे त्यासाठी हाडाची जुनी पट्टी आहे), मग दुमडलं की दोन्ही बाजू आपोआप एकमेकींवर बसतात. आत कोरडा ग्लू-स्टिक, पातळ हात. वर गव्हाचा डबा, रात्रभर. इथे दोन्ही थर एकाच कार्डचे आणि एकाच ग्रेनचे, त्यामुळे ओढाताण होत नाही.

पंखाची चीर कुठे द्यायची, यावर मी पहिल्यांदा विचारच केला नव्हता. दोन्ही विमानांना मधोमध दिली होती. पण नॅटचे पंख अंगाच्या वरच्या भागात, खांद्यावर बसतात आणि सेबरचे खाली, पोटाजवळ. टेबलाशी बसलेला माणूस विमानाकडे अगदी वरून बघत नाही, तिरकं बघतो. त्यामुळे हा दोन मिलिमीटरचा फरक त्याला पंखाच्या आकाराआधी दिसतो. दुसरी खूण नाकाची. सेबरचं तोंड म्हणजे हवा ओढणारं उघडं भोक, म्हणून बाजूने नाक सरळ कापल्यासारखं ठेवून टोकाला काळा ठिपका दिला. नॅट हवा दोन्ही कुशीतून घेतं, त्याचं नाक टोकदार.

पंख चिरेत घालताना सरळ ढकलले तर चीर फाटते. मागे झुकलेल्या पंखाचं एक टोक तिरकं आत घालायचं, आणि आत जाईल तसा पंख हळूहळू मागे सरकवत न्यायचा. अर्ध्यावर येताच तो आपसूक जागेवर बसतो, बोटाला ते कळतं. चीर पातळ ब्लेडच्या एकाच ओढीची. रुंद खाच कापायची नाही, कार्डच्या जाडीला तेवढी फट पुरते. पंख बसल्यावर मधल्या रेषेवर सेबरचे किंचित वर आणि नॅटचे किंचित खाली मोडायचे. लेझर छपाईची शाई मोडीवर तडकते आणि पांढरी रेघ दिसते. तिच्यावर आणि सगळ्या कापलेल्या कडांवर राखाडी रंगीत पेन्सिल फिरवली. स्केचपेन फिरवू नये, तंतूंमधून रंग आत झिरपतो आणि कड ओघळल्यासारखी दिसते.

शेवटी पाऊस थांबलेला पाहून बाल्कनीत दोन्ही बाजूंनी पारदर्शक लॅकरचा पातळ फवारा मारला. दोन्ही बाजूंनी, कारण एकाच बाजूने मारला की दुसरी बाजू ओल पीत राहते आणि पंख पुन्हा वळतो.

पंखा बंद न करता

हॉलमधला पंखा बंद करून जुलैत चार तास बसा, असं कोणाला सांगता येत नाही. मग विमान फिरू नये याचीच सोय करायला हवी होती. टोकदार काडीवर खोचलेलं कागदी विमान वातकुक्कुटासारखं वागतं. शेपटीचा उभा पंख मागे असतो, वारा त्याला ढकलतो आणि नाक वाऱ्याकडे वळतं. खऱ्या विमानाला सरळ ठेवणारी शेपटी आमच्या खेळात दिशा बिघडवत होती. आमच्या नियमांत सगळे आपली चाल लपवून लिहितात आणि एकदम उघडतात, त्यामुळे तोंड साठ अंश फिरलं तरी पूर्ण फेरी वाया जाते.

खराट्याच्या काड्या सोडल्या. त्या एका टोकाला जाड, दुसऱ्याला बारीक, आणि दमट हवेत वाकतात. बांबूच्या कबाबच्या काड्या आणल्या, १२ सेंटिमीटरच्या कापल्या आणि वरचं टोक ब्लेडने आठ मिलिमीटर उभं चिरलं. विमानाची जीभ त्या चिरेत सरकवली, ग्लूचा एक थेंब. काडी आता चिमट्यासारखी धरते, विमान फिरूच शकत नाही. खाली जांभळी नाक्याहून आणलेले ३ सेंटिमीटरचे लोखंडी वॉशर, त्यांच्या भोकात एम-सील भरून काडी उभी केली, आणि वॉशरच्या कडेला नाकाच्या रेषेत पांढरा ठिपका दिला. उंचीसाठी काडीवर इंचभराचा लाकडी चिमटा, चार खुणांवर खालीवर करता येईल असा.

सगळा खर्च, पहिल्या खेपेची नासाडी धरून, एका सिनेमाच्या तिकिटाएवढा. वेळ मात्र दुसऱ्या खेपेलाही दोन संध्याकाळी लागला, त्यातला बराचसा जिभेच्या घड्या सरळ करण्यात.

रविवार

भाच्याची परीक्षा पुन्हा घेतली, पंखा पाचवर ठेवून. सातपैकी सात. मग त्याने स्वतःहून मागे जाऊन दरवाजातून पाहिलं, आणि तिथून त्याला नॅट आणि सेबर ओळखू आली, पण दिशा दोनदा चुकली. टोकदार नाक आणि निमुळती शेपटी लांबून सारखीच दिसते. नॅटच्या शेपटीवरचे तिरंगी पट्टे थोडे मोठे केल्यावर तेही सुटलं.

खेळ साडेतीन तास चालला. आमच्या टेबलावर इतिहास तसाच घडला नाही. दोन सेबर पडली खरी, पण तिसरं निसटलं आणि जाताजाता एका नॅटला जखमी करून गेलं. त्याच्या काडीला कापसाचा धूर बांधला. ज्या काकूंकडे ते तिसरं सेबर होतं, त्या नंतर म्हणाल्या की समोरचं नॅट इतकं लहान दिसत होतं की ते अजून लांब आहे असं समजून त्यांनी वळायला एक फेरी उशीर केला. मला त्या दिवशी याहून मोठं काही ऐकायचं नव्हतं.

तिसऱ्या तासाला एका सेबरचा डावा पंख किंचित उतरला. पाहिलं तर त्या पंखावर लॅकर खालून कमी बसलं होतं. बोटाने पुन्हा वर मोडला, तेवढ्यावर भागलं. खेळ संपल्यावर सातही विमानं मिठाईच्या रिकाम्या खोक्यात, तळाशी थर्माकोल आणि कोपऱ्यात औषधाच्या बाटलीतून काढलेल्या सिलिकाच्या पुड्या, अशी ठेवली आहेत.

पुढच्या वेळी १९७१ चीच लोंगेवालाची लढाई घ्यायचं ठरलं आहे, म्हणजे आपली हंटर विमानं लागणार. १४ मीटर लांब, १०.२६ मीटर पंख, आमच्या मापात ७ बाय ५.१ सेंटिमीटर, आणि पंख अंगाच्या मध्यावर. काल नवं कार्ड आणलं. दुकानात आधी पाच सेंटिमीटरची रेघ मोजली, बरोबर भरली. घरी आल्यावर काकांनी कडेच्या दोन पट्ट्या कापून टेबलाबाहेर धरल्या. या गठ्ठ्याचा ग्रेन मागच्या कार्डच्या उलट आहे, त्यामुळे पंख आता पानावर आडवे मांडावे लागतील.